जगदेवचा पाचवा अंक राह्यला

त्या दिवशी सकाळपासून जगदेव चष्मा धुंडून राह्यला होता. बाजेखाली पाह्यलं, देवाजवळ पाह्यलं, सदऱ्याचे खिसे उलटे केले, म्हशीच्या गव्हाणीतही हात घालून आला. प्रयागबाई चुलीपाशी भाकर थापत होती अन् मान वर करत नव्हती. कारण चष्मा तिनंच लपवला होता. तुरीच्या डाळीच्या डब्यात, कोपरापर्यंत हात खुपसून, एकदम बुडाशी.

"पवनची माय, तू त नाई पाह्यला?"

"मी कायले पाहू तुमचा चष्मा? मले कुठी वाचता येते."

"काल त नाकावर होता."

"मंग नाक पाहा जागेवर आहे का."

जगदेव हासला. "नाक आहे वं. नाकावरचा राजा पळाला." रद्दीतलं ते जुनं पुस्तक हाती आलं तवापासून तो असाच बोले. राजा, किल्ला, पहारा, याच्याशिवाय गोष्टच नाही.

दुपारी अर्धीच भाकर खाल्ली त्यानं. म्हणे छातीत दाटल्यासारखं वाटते. प्रयागबाईले वाटलं वायू झाला असंन, काल वांग्याची भाजी तेलकट झाली होती. ओवा अन् काळं मीठ दिलं. त्यानं ते चावलं अन् म्हणे, "आज काही झालं तरी पाचवा अंक लावतो. लय दिवस अटकून राह्यला."

प्रयागबाईनं डाळीच्या डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

दिवेलागणीले त्यानं हातपाय धुतले, पाट मांडला, निरंजन लावलं, उदबत्ती खोचली. लाल कपड्यातून पुस्तक काढलं, माथ्याले लावलं अन् उघडलं. चष्मा नाही. पुस्तक लांब धरून पाह्यलं, जवळ धरून पाह्यलं, दिव्यापाशी नेलं. वरचं अक्षर मोठं होतं तेवढं त्याले लागलं. "अंक पाचवा," तो मोठ्या आवाजात बोलला, देवळात बोले तसा. खालचं काही लागेना.

"वैजयंतीले हाक मार. थे वाचीन."

वैजयंती म्हणजे सून, पवनची बायको. ती गोठ्यात दूध काढत होती, दहा पावलांवर. प्रयागबाई बाहेर आली अन् तुळशीपाशी उभी राह्यली. गोठ्यातून धारेचा आवाज येत होता. हाक मारली असती तर वैजयंती आली असती, दहावी शिकलेली पोरगी, घडघड वाचलं असतं तिनं. प्रयागबाईनं हाक मारलीच नाही. जराशी उभी राहून आत गेली अन् म्हणे, "नळावर गेली थे. उद्या वाचजा."

जगदेव काही बोलला नाही. भिंतीले पाठ टेकून बसला होता, पुस्तक मांडीवर, बोट पानावर.

"रुसले काय? आवो, एका दिवसानं काय बिघडते? चारशे वर्षं थांबलं थे पुस्तक, अजून एक दिवस थांबीन."

बोट हाललं नाही. उदबत्तीची राख पाटावर पडली, तरी त्यानं पुसली नाही. तवा ती जवळ गेली.

मंग सगळं घर भरलं. आंघोळ घालताना पवन लेकरासारखा रडत म्हणे, "आई, बाबाचा चष्मा कुठी आहे वं? चष्म्याबिगर बाबा, बाबासारखा दिसत नाई." सगळ्यांनी धुंडला. प्रयागबाई कोपऱ्यात बसून होती. जगदेव चष्म्याबिगरच गेला.

आता कोणी म्हणीन, चाळीस-पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईनं असं काहून केलं. ते सांगाले मागं जा लागते.

जगदेव सातवी शिकलेला. तीन एकर वावर, एक म्हैस, दोन बैल. रिसोडहून जीपनं अर्ध्या घंट्यावर गाव. दिसाले काही नाही, कापसाच्या सुकल्या पराटीसारखा माणूस. पण आवाज! देवळात पोथी लावली का त्याचा आवाज पार बसस्टँडपर्यंत जाये, अन् भोंगा नसताना. बावीस वर्षांचा असताना पहिल्यांदा वाचकाच्या पाटावर बसला, तो उठलाच नाही. आमच्या इकडे एक जण पोथी वाचते अन् दुसरा अर्थ सांगते. जगदेव वाचक, अन् अर्थ सांगणारा ग्यानबा. दोघं लहानपणचे जोडीदार. ग्यानबाले अक्षरही येत नव्हतं, पण अर्थ असा सांगे का बाया पदर तोंडाले लावून हासत.

पोथीचे दोन नेम होते. लावलेली पोथी अधुरी सोडाची नाही. अन् शेवटचं पान आधी पाहाचं नाही, जवा येईन तवाच वाचाचं. जगदेवनं हे दोन्ही नेम कधी मोडले नाही. पोथीशिवायही त्याले जे भेटे ते वाचे. रिसोडले कैलासचंदचं किराणा दुकान आहे, तिथी पुड्या बांधाले रद्दी येये. त्याच्यात कोणाकोणाच्या घरची जुनी पुस्तकं. कैलासचंद ते बाजूले ठेवे. बाजाराच्या दिवशी जगदेव दिसला का गादीवरूनच हाक मारे, "आओ जगदेवभाऊ, आपका माल निकालके रखा है." कव्हर नसलेली, कोपरे कुरतडलेली, जुन्या छापाची पुस्तकं. राजे-रजवाड्यांच्या गोष्टी, जुनी नाटकं. थैलीत खाली साखर, वर पुस्तक. वावरात वखर धरला का पाठ झालेली भाषणं बैलाले ऐकवे. बैल मधातच उभे राहत.

"पाह्य, माझं वाचन बैलालेही समजते," तो म्हणे.

"समजत नाई रे," ग्यानबा म्हणे. "थांबाले बहाणा पायजे त्याह्यले."

दोन हजार तेवीसच्या साली धोंड्याचा महिना आला. महिनाभर देवळात पोथी लागते. जगदेवनं पेटी उघडली तर पोथीले वाळवी लागली होती, हात लावला का भुगा. मंडळी जमलेली, आरती झालेली. आता काय वाचावं? तवा त्याले आठवण झाली. मागच्या बाजाराले कैलासचंदनं एक जाड पुस्तक दिलं होतं. पहिली पानं नव्हती, नाव नव्हतं, लिहिणाराचं नाव नव्हतं. उघडलं तर सुरुवात, 'अंक पहिला. चंद्रसेन राजाचा किल्ला'. चंद्रसेन, वज्रपाल, रत्नावती, अशी नावं. जगदेवले वाटलं जुन्या राजाचंच आख्यान आहे. अंक म्हणजे अध्याय. त्यानं ते लाल कपड्यात बांधलं, पाटावर ठेवलं, हळद-कुंकू वाह्यलं अन् लावलं. झाली पोथी.

गोष्ट अशी. चंद्रसेन राजा लढाईले जाते. किल्ल्याचा म्हातारा दारवान वज्रपाल, त्याच्याजवळ चाबी. राजा त्याच्याकडून शपथ घेते का मी येईपर्यंत हे दार कोणासाठीच उघडाचं नाही, कोणी का असंना.

ग्यानबानं अर्थ लावला. "मंडळी, हे असं झालं का सरपंच गेला मुंबईले अन् ग्रामपंचायतीची चाबी राह्यली चपराश्याजवय. आता मुत्रीघर उघडाचं म्हटलं तरी सरपंचाले फोन."

सगळे हासले. पहिल्या अंकाच्या शेवटी राजाले हासवणारा गमत्या मरते, किल्ल्याच्या भिंतीवरून पडून. मंडळी चुकचुकली अन् प्रसाद घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्यानबाचा धोल्या बैल खाली बसला तो उठला नाही. फेस नाही, ताप नाही, डोळे उघडे. ढोरांचा डॉक्टर आला अन् हात हालवून गेला.

एका बैलाचं काय, बैल मरतात. दुसरा अंक सरला. त्यात राणी रत्नावती झाडाखाली मरते. चार दिवसांनी देवळाच्या कडूनिंबाची मोठी फांदी वारा नसताना मोडून बायांच्या बसाच्या जागेवर पडली. भर दुपार होती म्हणून तिथी कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी जगदेव वाचाले बसला तर बाया अर्ध्याच आल्या.

त्याच आठवड्यात बाजार होता. जगदेव पुस्तक घेऊन गेला, कैलासचंदले इचाराले का याची पहिली पानं असतीन का कुठी. प्रयागबाई संगं होती. दुकानात त्या वेळी कैलासचंदची सून चेतना बसली होती. ती इंग्रजीत एम.ए. झालेली. तिनं पानं चाळली, चार ओळी वाचल्या अन् डोळे मोठे केले.

"काका, ये पोथी नही है. इंग्रजी नाटक आहे हे. कोणीतरी जुन्या काळात मराठीत आणलं, नावं तेवढी आपली ठेवली. तिकडे राणीचं राज्य होतं ना, त्या टायमातलं. चारशे वर्षं झाली."

"चारशे?" जगदेव म्हणे.

"हो. उघड्या मैदानात, भर दिवसा करायचे. लोक उभे राहून बघायचे. बायांचं काम पण माणसंच करायची, लुगडं घालून."

जगदेव असा हासला का दुकानातले गिऱ्हाईक वळून पाहाले लागले. "म्हणजे आमच्या गावची सोंगाची दंडारच म्हणा! आमचा ग्यानबा तीन वर्षं गवळण झाला होता, मिशी न काढता." तो हातातल्या पुस्तकाकडे असा पाहून राह्यला होता जसा कोणी हरवलेला सोयरा सापडावा. "चारशे वर्षांआधीचा गोरा माणूस, अन् आमच्या देवळात येऊन बसला. काय सांगता!"

चेतनानं पुस्तक परत दिलं. "छान आहे काका. पण दुःखाचं आहे. अशा नाटकात शेवटी कोणी उरत नाही. पाचवा अंक सरला की सगळे मेलेले."

प्रयागबाईच्या हातात गुळाची पुडी होती. तिनं ते वाक्य घरी आणलं, अन् त्या दिवसापासून ते तिच्या उशापाशी निजे.

तिनं सांगून पाह्यलं. "आवो, महाभारत काहून घरात वाचत नाई? भांडण घरात येते म्हणून. अन् हे त त्याहूनबी वंगाळ. सोडून द्या."

"लावलेली पोथी सोडत नसतात वं."

"पोथी नाई न थे! त्या पोरीनं सांगतलं न!"

"हळद-कुंकू कोणी वाह्यलं? मी. उदबत्ती कोणी लावली? मी. मंग पोथीच झाली थे. अन् पुस्तक माणूस मारत नसते, पवनची माय. माणूस आपल्यानंच मरते."

तिसरा अंक आला. त्यात दारवानाचा एकुलता एक पोरगा, मागं दुश्मन लागलेला, पळत किल्ल्याच्या दारापाशी येते. दार ठोठावते. 'बाबा, मी आहे. उघडा.' वज्रपाल आतून म्हणते, 'हे दार लाकडाचे नव्हे, माझ्या शपथेचे आहे.' पोरगा पायरीवर मारला जाते. बाप आतून सगळं ऐकते.

जगदेव तिथपर्यंत आला अन् त्याचा आवाज बसला. चाळीस वर्षांत कधी बसला नव्हता. खाकरला, पाणी पेला, परत सुरू केलं, परत बसला. देवळात कोणाले समजलं नाही काय झालं. प्रयागबाईले समजलं.

किशन जगदेवचा लहाना भाऊ. प्रयागबाई नवी नवरी असतानाची गोष्ट. वावराच्या धुऱ्यावरून किशनचं अन् बापाचं वाजलं, किशन घर सोडून गेला. चार दिवसांनी भर दुपारी परत आला, उपाशी. म्हाताऱ्यानं हुकूम केला का मी जिता असेपर्यंत त्याच्यासाठी हे दार उघडाचं नाही. जगदेवनं बापाचा शब्द पाळला. आतून कडी धरून उभा राह्यला. बाहेरून किशन म्हणे, "दादा, पाणी त पाज." सगळी गल्ली पाहून राह्यली होती. प्रयागबाई जगदेवच्या मागं उभी होती. "उघडा न," ती म्हणे, पण इतक्या हळू का तिलेच ऐकू आलं. किशन तिसऱ्या पहरापर्यंत पायरीवर बसला अन् निघून गेला. तीन वर्षांनी सुरतेहून चिठ्ठी आली का मिलमध्ये मेला. जगदेवनं ती चिठ्ठी वाचली अन् वखर घेऊन वावरात गेला. त्या दिवसापासून किशनचं नाव घरात नाही.

म्हणून ते पुस्तक त्याले सोडवत नव्हतं. चारशे वर्षांआधी कोणीतरी गोरा माणूस त्या कडीपाशी उभा राहून गेला होता, अन् पुढं काय झालं ते त्यानं लिहून ठेवलं होतं.

तिसरा अंक झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पवनची गाडी रिसोडच्या रस्त्यावर घसरली. गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं. जीव वाचला. पण गावात एकच बोलणं. ग्यानबाची बायको रुपाबाई दारात येऊन उभी राह्यली अन् बोटं मोडली. "आमचा बैल खाल्ला, तुमच्या पोराले घाव घातला. अजून किती पायजे त्या तुमच्या पुस्तकाले?"

देवळाच्या पुजाऱ्यानं हात जोडले, म्हणे आता इथी नको. जगदेवनं पाट उचलून घरी आणला. चौथा अंक घरातच लावला. ऐकाले तिघंच, प्रयागबाई, वैजयंती अन् ग्यानबा. रुपाबाईले खोटं सांगून येये तो, वावरात चाललो म्हणून.

चौथ्या अंकात राजा परत येते. पण हारलेला, चिंध्या घातलेला, आवाज बसलेला. दारापाशी येऊन म्हणते, 'वज्रपाला, मी चंद्रसेन.' वरून धुरात काही दिसत नाही. खरंच राजा का दुश्मनाचं कपट? चौथा अंक तिथीच सरते.

"आता अर्थ सांग," जगदेव म्हणे.

"अर्थ काय, गड्या, दोन्हीकडून मेला तो," ग्यानबा म्हणे. "उघडलं त शपथ मोडली, नाई उघडलं त राजा गेला. आमच्या रुपीसारखं. बोललो त का बोलले, नाई बोललो त का नाई बोलले."

"पैज लाव, नाई उघडत तो," जगदेव म्हणे. ग्यानबा हासत घरी गेला. तिसऱ्या दिवशी त्याले लकवा मारला. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. जो माणूस चाळीस वर्षं अर्थ सांगत होता त्याची जीभ लुळी पडली. रुपाबाईनं निरोप धाडला का आता जगदेवनं आमच्या दारात पाय ठेवू नये.

चार अंक अन् चार घाव. आता पाचवा राह्यला, अन् पाचव्यात कोणी उरत नाही. प्रयागबाई बोटं मोजे. ग्यानबाचा बैल, देवळाचं झाड, आपला पवन, ग्यानबा. आता कोणाची पाळी हे तिले कोणी सांगाची गरज नव्हती. वाचणाराची.

मंग ती वेळ काढत राह्यली. आधी म्हणे सोयाबीन निघू द्या. मंग म्हणे दिवाळी होऊ द्या. मंग म्हणे चौथा अंक मले नीट समजला नाही, परत वाचा. तो खुशीनं वाचे. दोनदा, तीनदा वाचला. दोघं भाकर खाताना त्याच्यावर भांडत.

"नाई उघडत तो," जगदेव म्हणे. "पोरासाठी नाई उघडलं, आता कोणासाठी उघडीन?"

"म्हणूनच उघडीन. एकडाव चुकला न! माणूस दोनडाव कसा चुकीन?"

"तुले नाई समजत. एकडाव नाई उघडलं का मंग उघडताच येत नाई. उघडलं त त्या पहिल्या वेळी काहून नाई उघडलं, याचं उत्तर द्या लागते."

प्रयागबाई त्याच्याकडे पाहत राह्यली. इतक्या वर्षांत किशनवर तो इतकं बोलला नव्हता.

"मंग पाहा न शेवटचं पान. एक नजर टाका अन् सोडा."

"छट. नेम आहे."

अशानं मार्गशीर्ष लागला. तिनं ठरवलं होतं संक्रांतीपर्यंत ढकलते, मंग त्याले मोतीबिंदूसाठी दवाखान्यात टाकते, मंग पाहू. बाईमाणसाले मरण अडवता येत नाही, पण दिवस ढकलता येतात, असं तिले वाटे. चष्मा लपवला तो त्याच्यासाठीच.

अन् जगदेव पाचवा अंक न वाचता गेला.

तिसऱ्या दिवशी वैजयंतीनं वरणासाठी डाळ काढली, घरभर पाहुण्यांनी डबा बुडाले आला होता. हाताले काहीतरी लागलं. चष्मा बाहेर काढला, काचेवरची डाळीची पूड पदरानं पुसली, सासूकडे पाह्यलं. प्रयागबाईनं मान खाली घातली. वैजयंतीनं चष्मा कोनाड्यात ठेवला अन् डाळ धुवाले घेतली. कुठी सापडला ते पवनले तिनं आजपर्यंत सांगतलं नाही.

तेरवी झाली. पाहुणे गेले. पुस्तक लाल कपड्यात पाटावर तसंच होतं, कोणी हात लावत नव्हतं, झाडताना पाटाच्या भोवतीनं झाडत. गावात दोन बोलणी. कोणी म्हणे, पाहा, पुस्तकानं नेलाच. कोणी म्हणे, पोथी अधुरी सोडली म्हणून गेला. प्रयागबाई दोन्ही ऐके. दोन्ही तिच्याच आंगावर येत.

चौदाव्या दिवशी रुपाबाई आली. पायरीवरच उभी राह्यली, आत आली नाही. डोळे सुजलेले.

"वं बाई, आमचा माणूस दोन दिवसांपासून घास घेत नाई. एकच धरून बसला. वाकड्या तोंडानं एकच इचारते, जगदेवनं पाचवा वाचला का, जगदेवनं पाचवा वाचला का."

"मंग तू काय सांगतलं?"

"काय सांगू? वाचला म्हणलं त पुढचं इचारते. नाई म्हणलं त रडते." रुपाबाईनं नाक पुसलं. "तुले हे सांगूच नये वाटते मले. पण उपाशी मेला त कोणाच्या नावानं बोटं मोडू? तूच सांग."

ती गेली. प्रयागबाईनं उठून पुस्तक काखेत मारलं.

"वैजयंती, चाल वावरात."

"आत्ता? आत्याबाई, ऊन हाये लय."

"उन्हातच चाल. घरात नाई वाचाचं."

तुरी शेंगांवर होत्या. बांधावर बाभळीच्या सावलीत दोघी बसल्या. वैजयंतीनं पुस्तक उघडलं. जिथी सासऱ्याचं बोट होतं तिथपासून वाचाले लागली. अडखळत, जुनी भाषा, लांबलांब वाक्यं. प्रयागबाई एका जागी नजर लावून ऐकत होती. अर्ध्या घंट्यानं वैजयंतीचा आवाज थांबला.

"सरलं, आत्याबाई."

"सगळं?"

"सगळं. मांगं कोरं पान आहे."

प्रयागबाई रडली नाही. पदर झटकला. "तू घरी जा. ढोराले पाणी पाज."

अन् ती तशीच ग्यानबाच्या घरी गेली, पुस्तक पदराखाली. रुपाबाईनं लांबूनच पाह्यलं अन् आंगणाच्या तोंडाशी आडवी आली.

"थे आत आणू नको वं. पाया पडते. अथूनच सांग."

"अथून त्याले ऐकू येईन?"

"खिडकी उघडी आहे."

प्रयागबाई खिडकीखाली आंगणात उभी राह्यली. आत ग्यानबाची बाज होती. त्याचं डोकं दिसत नव्हतं, फक्त उजवा हात दिसत होता, बाजेच्या दांडीवर.

"ग्यानबाभाऊ, मी प्रयाग. पाचवा अंक आहे. ऐकून राह्यले न?"

आतून हुंकार आला.

तिनं सांगाले सुरुवात केली. वाचता येत नव्हतं, पण चाळीस वर्षं ऐकलेलं होतं, तोंडाले तीच चाल आली. राजा बाहेरून हाका मारते. एक दिवस, दोन दिवस. दारवान आत चाबी हातात घेऊन बसते. सैनिक म्हणतात उघड, दुसरे म्हणतात नको उघडू. दोन्ही बाजू आपसात तलवारी काढतात अन् एकएक करून मरतात. आता किल्ल्यात वज्रपाल एकटा.

आतून ग्यानबाचा आवाज आला, चिखलातून पाय काढावा तसा. "उघ... उघडलं?"

"उघडलं," प्रयागबाई म्हणे. "तिसऱ्या दिवशी सकायी उघडलं, भाऊ."

बाजेवरचा हात हालला. "मंग... जगदेव... हारला."

"हारले थे. पण पुढं ऐका न." तिनं श्वास घेतला. "उघडलं त भायेर राजा मरून पडला होता. पायरीवर, पोरगा पडला होता तिथीच. मंग तो म्हातारा त्या पायरीवर बसला. दार उघडंच ठेवलं. दुश्मनाची फौज आली तरी उठला नाई. थे त्याले मारून आत गेले. आत कोणीच नव्हतं. सरलं."

रुपाबाई डोक्यावरचा पदर दातात धरून उभी होती.

"भाऊ," प्रयागबाई म्हणे, "अर्थ सांगा न. मले नाई लागून राह्यला."

ग्यानबानं अर्थ सांगाले कधी वेळ घेतला नव्हता. वाचकाचं वाक्य सरलं नाही तोच त्याचं तोंड उघडे. आता हात दांडीवर तसाच होता. बऱ्याच वेळानं तो बोलला.

"थांब... इचार... करू दे."

प्रयागबाई आंगणातल्या उखळाच्या दगडावर बसली. रुपाबाईनं घरातून पाण्याचा गिलास आणला, तिच्या हाती न देता बाजूच्या पाट्यावर ठेवला, अन् तिथीच चार पावलांवर खाली बसली.